पानातला भात आणि पडद्यावरचे युद्ध

आवडत्या पुस्तकांविषयी आणि चित्रपटांविषयी इतिहासाच्या मास्तराला बोलायला सांगू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्याला धड रडताही येत नाही आणि धड हसताही येत नाही. पडद्यावर नायिका निरोप घेत असते आणि ह्या गृहस्थाचे लक्ष असते मागच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे: असले घड्याळ त्या काळी होते काय? माझ्या घरची मंडळी म्हणूनच माझ्याबरोबर चित्रपट पाहायला फारशी राजी नसतात. तरीही, वाचकहो, आज मी माझी आवडनिवड तुमच्यापुढे ठेवणार आहे. ती तुम्हाला पटावी असा माझा आग्रह नाही. पण ती कशी बनली हे सांगताना थोडा इतिहासही सांगून होईल, एवढीच आशा.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच केलेली बरी. माझी मुलगी अकरावीत आहे. जपानी लोक जे चित्रमय चित्रपट काढतात, ज्यांना ॲनिमे म्हणतात, ते पाहण्याचा तिला नाद आहे. एकदा मी तिला म्हटले, "एवढी घोडी झालीस, अजून कार्टूनच पाहतेस का?" ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र तिने मला बसवले आणि म्हणाली, "बाबा, हे पाहा. तुमच्याच विषयातले आहे." मी हातात वर्तमानपत्र घेऊनच बसलो होतो. पाच मिनिटांत ते बाजूला ठेवावे लागले.

चित्रपट होता 'काजव्यांचे थडगे'. इसाओ ताकाहाता ह्या दिग्दर्शकाने तो १९८८ साली केला. जपानातल्या ज्या घिबली नावाच्या चित्रसंस्थेची कीर्ती आज सर्वत्र आहे, ती १९८५ मध्ये स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी हा एक. गंमत अशी, की जपानात तो प्रथम दाखवला गेला तो हायाओ मियाझाकी ह्यांच्या 'माझा शेजारी तोतोरो' ह्या अतिशय गोड, हसऱ्या चित्रपटाच्या जोडीने, एकाच तिकिटात. एका ताटात श्रीखंड आणि कडू कारले वाढावे तसाच प्रकार! कित्येक आईबाप मुलांचा हात धरून आले असतील आणि डोळे पुसत बाहेर पडले असतील.

कथा थोडक्यात सांगतो. पहिल्याच प्रसंगात एक मुलगा कोबे शहराच्या सान्नोमिया स्थानकात खांबाला टेकून मरून पडतो. तारीख २१ सप्टेंबर १९४५. म्हणजे युद्ध संपून महिना उलटला आहे. शेवट असा आधीच सांगून टाकल्यावर मग चित्रपट मागे जातो. सेइता हा चौदा वर्षांचा मुलगा आणि सेत्सुको ही त्याची चार वर्षांची बहीण. बाप आरमारात. कोबेवर आगीचे बॉम्ब पडतात, आई भाजून मरते. दोघे दूरच्या नात्यातल्या एका विधवा बाईच्या घरी जातात. तिथे खटके उडू लागतात. मग ती भावंडे घर सोडून तळ्याकाठच्या एका खंदकवजा आसऱ्यात राहायला जातात. जवळ फळांच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा असतो. गोळ्या संपल्यावर त्यात पाणी घालून, हलवून, ते गोड पाणी ती पोर पिते. पुढे काय होते ते मी सांगत नाही. डबा मात्र लक्षात ठेवा.

आता ह्यातला इतिहास पाहा. १९४५ च्या मार्चपासून अमेरिकन विमानांनी जपानी शहरांवर रात्रीचे आगबॉम्ब टाकायला सुरुवात केली. जपानी घरे लाकडाची आणि कागदाची. बॉम्बमध्ये भरलेले पेटते तेल चिकटून राहणारे. ९ मार्चच्या रात्री सुरू झालेल्या एकाच हल्ल्यात टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. कोबेवर १७ मार्च आणि ५ जून असे मोठे हल्ले झाले. आमच्या क्रमिक पुस्तकांत हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन नावे असतात. त्याआधी जळून गेलेल्या डझनावारी शहरांना तिथे एक ओळही मिळत नाही. मीही वर्गात इतकी वर्षे तसेच शिकवत आलो. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना २९ जून १९४५ च्या ओकायामाच्या आगीतून वाचले होते. पडद्यावर जी आग लागते ती ऐकीव नाही.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट मूळ लेखकाची आहे. हा चित्रपट आकियुकी नोसाका ह्यांच्या १९६७ सालच्या कथेवर बेतलेला आहे. त्या कथेला नाओकी पारितोषिक मिळाले होते. नोसाका ५ जूनच्या हल्ल्याच्या वेळी कोबेतच होते. त्यांची धाकटी बहीण, सेत्सुकोहूनही लहान, दीड वर्षाचीही नसावी, ती त्याच ऑगस्टात उपासमारीने गेली. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले, की मी गोष्टीतल्या भावासारखा प्रेमळ नव्हतो. भूक अनावर झाली की तिच्या वाट्याचेही मी खाऊन टाकले. म्हणजे, वाचकहो, कथेतला भाऊ हा जसा होता तसा भाऊ नव्हे. जसा असायला हवा होता तसा भाऊ आहे. बावीस वर्षांनंतर माणसाने आपल्या बहिणीची मागितलेली ती क्षमा आहे.

इतिहासाचा विद्यार्थी इथे अडखळतो. साक्षीदारानेच साक्ष बदलली तर पुरावा उरला कुठे? ह्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. माझे उत्तर असे, की घटना बदलली असली तरी तिच्यापाठीमागची लाज खरी आहे, आणि लाज हाही पुरावाच असतो. उपासमार माणसाला नुसती मारीत नाही. जी माणसे जगतात त्यांनाही ती काहीतरी करायला लावते आणि ते त्यांना जन्मभर पुरते. ही गोष्ट मला कुठल्याही आकडेवारीच्या तक्त्यात सापडली नव्हती.

आता माझ्या मुलीशी माझा वाद झाला तो त्या विधवा बाईवरून. मुलीचे म्हणणे, "बाई दुष्ट आहे." ती त्या पोरांच्या आईची वस्त्रे विकून तांदूळ आणते, आपल्या मुलीला भात वाढते आणि ह्यांना पातळ पेज. मी म्हटले, "अगं, जरा तिचाही हिशोब बघ." जपानात १९४१ पासून मोठ्या शहरांत तांदळाचे रेशन होते, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम. १९४५ च्या जुलैत त्यालाही कात्री लागली, आणि तांदळाच्या जागी रताळी, सोयाबीन असे काहीबाही मिळू लागले. घरातली मुलगी कामावर जाते, बिऱ्हाडकरू कामावर जातो, आणि हा चौदा वर्षांचा थोराड मुलगा दिवसभर बहिणीला खेळवतो, शाळेत नाही, कामात नाही. शिवाय अभिमान असा, की घर सोडीन पण बोलणे ऐकून घेणार नाही. आईने बँकेत ७,००० येन ठेवलेले असतात. पण पैसा आहे आणि तांदूळ नाही, अशी वेळ आली की पैशाचा कागद होतो. हे सारे मी तिला पटवून दिले, आणि वादात जिंकल्याच्या समाधानात झोपायला गेलो.

नंतर ताकाहातांची एक मुलाखत माझ्या वाचनात आली. चित्रपट निघाला त्याच वर्षीची. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आज प्रेक्षकाला सेइताविषयी सहानुभूती वाटते, पण काळ पुन्हा उलटला तर आपण त्या बाईहूनही कठोरपणे ह्या मुलालाच दोष देऊ लागणार नाही ना? मला त्याची भीती वाटते. हे वाचून मी चपापलो. कारण तेच तर मी आदल्या आठवड्यात, हातात चहाचा कप घेऊन, पोटभर जेवून केले होते. हिशोब माझा चूक नव्हता. पण चार वर्षांची पोर भुकेने मरत असताना जो हिशोब बरोबर निघतो, त्या हिशोबातच काहीतरी चुकते आहे, हे मला सुचले नव्हते. ताकाहाता हा चित्रपट युद्धविरोधी नाही असे पुन्हा पुन्हा सांगत, त्याचे मर्म मला तेव्हा कळले. त्यांना बॉम्ब दाखवायचे नव्हते. शेजाऱ्याचे दार कसे बंद होते ते दाखवायचे होते.

तरीसुद्धा, आवड विचाराल तर हा चित्रपट माझा सर्वांत आवडता नाही. त्यात एक उणीव आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यात जपान्यांचे दुःख आहे, जपानने दुसऱ्यांना दिलेले दुःख नाही. बाप आरमारात आहे. पण ते आरमार कुठे गेले होते, काय करायला गेले होते, हे विचारले जात नाही. नानकिंगमध्ये १९३७ साली काय झाले हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न पडणारच. ह्या प्रश्नाला थोडे तरी उत्तर देणारा चित्रपट मला आवडतो, आणि तो म्हणजे 'जगाच्या ह्या कोपऱ्यात'.

फुमियो कोनो ह्या हिरोशिमात जन्मलेल्या चित्रकर्तीने २००७ ते २००९ ह्या काळात ही चित्रकथा क्रमशः प्रसिद्ध केली. सुनाओ काताबुची ह्यांनी तिच्यावरून २०१६ साली चित्रपट काढला. पैसे उभे राहीनात, तेव्हा तीन हजारांहून अधिक सामान्य लोकांनी वर्गणी करून सुमारे ३ कोटी ९० लाख येन जमवून दिले. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते तशी एखाद्या चित्रपटाची निघावी, हे मला फार हृद्य वाटले.

नायिका सुझू. हिरोशिमाची, चित्रे काढण्यात रमणारी, काहीशी वेंधळी मुलगी. अठराव्या वर्षी, १९४४ च्या फेब्रुवारीत, लग्न होऊन ती कुरे ह्या आरमारी बंदराच्या गावी येते. मग चित्रपटभर काय चालते? स्वयंपाक, शिवण, पाणी भरणे, नणंदेचे टोमणे. रेशन कमी होत जाते तशी ही सून रानातला पाला खुडून आणते, तांदूळ भाजून फुगवते, म्हणजे तेवढाच भात जास्त दिसावा. खाणारे बिचारे तोंड वाकडे करतात! आपल्या आज्यांनी भाकरीत काय काय कालवून वेळ निभावली, ते आठवून मला हसूही आले आणि गलबललेही. काताबुचींची मेहनत अशी, की हिरोशिमाचा जो नाकाजिमा भाग अणुबॉम्बने साफ पुसून टाकला आणि जिथे आता शांतिउद्यान आहे, तिथली दुकाने त्यांनी जुनी छायाचित्रे आणि हयात माणसांच्या आठवणी जमवून पुन्हा उभी केली. तिथल्या एका कापडदुकानाची पक्की इमारत तेवढी वाचली. ती आजही उद्यानात उभी आहे. घड्याळाकडे पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे असे समाधान दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाने केलेले नाही.

१९४५ च्या जूनमध्ये उशिरा फुटणारा एक बॉम्ब सुझूच्या हाताशी असलेली लहान भाची आणि सुझूचा उजवा हात, म्हणजे चित्रे काढणारा हात, दोन्ही घेऊन जातो. तरी ती रडत नाही. ती रडते १५ ऑगस्टला, सम्राटाचे शरणागतीचे भाषण रेडिओवर ऐकल्यानंतर. आणि इथे मूळ पुस्तक आणि चित्रपट ह्यांत एक फरक आहे, जो मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकात तिला उमगते ते असे, की आपणही दुसऱ्यांना बळजोरीनेच वाकवले होते. चित्रपटात ती हीच गोष्ट बाईमाणसाच्या, चुलीपुढच्या भाषेत म्हणते: आपला देह समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाने आणि सोयाबीनने बनलेला आहे. त्याच सुमारास गावात कुठेतरी कोरियाचे निशाण वर चढताना दिसते. क्षणभरच. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याच्या नजरेतून ते निसटून जाईल.

पण इतिहास असा आहे. कोरिया १९१० पासून आणि तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात. जपानी माणसाच्या वाडग्यातला बराच भात ह्या दोन देशांतून येई. कोरियाचा शेतकरी तांदूळ पिकवी आणि स्वतः भरडधान्य खाई. युद्धात अमेरिकन पाणबुड्यांनी जहाजे बुडवली, १९४५ च्या मार्चपासून विमानांनी बंदरांत सुरुंग पेरले, त्या मोहिमेचे नावच 'उपासमार' असे होते, आणि तो तांदूळ बंद झाला. सेत्सुकोच्या पत्र्याच्या डब्याचे कोडे इथे सुटते. तिची भूक आकाशातून जशी आली तशीच समुद्रावरूनही आली, आणि ज्या भातावाचून ती मेली तो भात मुळात दुसऱ्याच्या शेतातला होता.

ही साखळी आपल्या दारापर्यंत येते. जपानने १९४२ च्या मार्चमध्ये रंगून घेतले. ब्रह्मदेशचा तांदूळ हिंदुस्थानात येत असे, तो थांबला. त्यातच १९४२ च्या ऑक्टोबरात बंगालच्या किनाऱ्यावर तुफान झाले. इंग्रज सरकारने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून नावा आणि धान्य आधीच काढून घेतले होते. लष्करी खरेदीने भाव भडकले, साठेबाजांनी हात धुऊन घेतले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती माणसे मेली ह्याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. सत्यजित राय ह्यांचा १९७३ सालचा 'अशनि संकेत' हा ह्याच दुष्काळावरचा चित्रपट, विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवरून केलेला. बर्लिनला त्याला सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला. त्यात बॉम्ब एकही पडत नाही. हिरव्यागार गावावरून विमाने जातात तेवढीच. सिंगापूर कुठे आहे हे गावात कुणाला धड ठाऊक नाही. पण सिंगापूर पडले आणि तांदळाचा भाव चढला, एवढे मात्र साऱ्यांना कळते. माझी विनंती अशी, की 'जगाच्या ह्या कोपऱ्यात' आणि 'अशनि संकेत' हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत. एकाच युद्धाने उपाशी ठेवलेल्या दोन गृहिणी, एक जपानची, एक बंगालची. त्या एकमेकींच्या शत्रू होत्या असे आपल्याला इतिहासाने सांगितले आहे!

आणि आता माझ्या आजीविषयी. तिचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. म्हातारपणी तिची एक सवय होती. रोज तांदूळ वैरताना एक मूठ काढून ती वेगळ्या डब्यात टाकी. "असू दे अडीअडचणीला," म्हणे. आम्ही नातवंडे हसायचो. घरात पोत्याने तांदूळ असताना मूठ कसली बाजूला काढायची! मी इतिहासात एम. ए. झालो, दुसऱ्या महायुद्धाची कारणे आणि परिणाम मला तोंडपाठ होते. पण परिणाम आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी मूठभर तांदूळ बाजूला काढीत होता, हे मला दिसले नाही. मी तिला एकदाही विचारले नाही. आता विचारायला ती नाही. जपानच्या एका चित्रातल्या सुनेने तांदूळ फुगवलेला पाहिला, तेव्हा मला माझ्या आजीचा डबा आठवला.

शेवटी एका पुस्तकाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही, म्हणजे तोंड गोड होईल. तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे 'तोत्तोचान'. १९८१ साली ते जपानीत निघाले. चेतना सरदेशमुख गोसावी ह्यांनी केलेला त्याचा अनुवाद मराठी घरांत आणि शाळांत आवडीने वाचला जातो. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा, पहिल्या दिवशी त्या बडबड्या मुलीचे बोलणे तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, आणि जेवणाच्या डब्यात 'थोडे समुद्राचे, थोडे डोंगराचे' असावे हा त्यांचा नियम. आपल्याकडे हे पुस्तक शिक्षणाचे म्हणून वाचतात, ते ठीकच आहे. पण मी ते युद्धाचे पुस्तक म्हणूनही वाचतो. ही शाळा १९३७ ची आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. २०२३ साली ह्यावरही ॲनिमे चित्रपट निघाला. डब्यातले समुद्राचे आणि डोंगराचे पदार्थ हळूहळू कसे नाहीसे होत जातात, ते त्यात पाहायला मिळते. पुस्तकातले मुख्याध्यापक मात्र जळत्या शाळेकडे पाहत पुढची शाळा कशी बांधायची ह्याचा विचार करीत असतात. मास्तर असावा तर असा!

तर अशी ही माझी आवड. रडायचे असेल तर 'काजव्यांचे थडगे' एकदाच पाहा; दुसऱ्यांदा पाहण्याची माझी छाती झाली नाही. समजून घ्यायचे असेल तर 'जगाच्या ह्या कोपऱ्यात' पुन्हा पुन्हा पाहा. आणि 'तोत्तोचान' घरात असू द्या, मुलांसाठी म्हणून आणा आणि आपणच वाचा.

मुलीपुढे मी माझा पराभव कबूल केला आहे. ह्या वर्षी दुसरे महायुद्ध शिकवताना वर्गाला मी एकच काम दिले: घरात किंवा शेजारी कुणी ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल तर त्यांना विचारून या, तुमच्या लहानपणी पानात काय असायचे आणि काय नसायचे? पोरे आधी हसली. मग एकेक वही भरून येऊ लागली. वाचकहो, हे काम तुम्हीही करण्यासारखे आहे. फक्त उशीर करू नका. मी केला होता.